फोटोखालचा रेडिओ

ह्यांचा चेहरा मला आठवावा लागत नाही. तो समोर भिंतीवरच आहे. फोटोला चंदनाचा हार, खाली वीतभर रुंद लाकडी फळी, फळीवर ज्योतीच्या आकाराचा छोटा विजेचा दिवा. सकाळी उठले की मी तिकडे बघून ‘उठले बरं का’ म्हणते आणि चहा टाकायला जाते. उत्तर येत नाही, त्याचं काही नाही. पण उत्तर आलं असतं तर ते कसल्या आवाजात आलं असतं, हेच एका सकाळी मला आठवेना. चहा उतू गेला तरी मी ओट्यापाशी आठवतच उभी.

शब्द सगळे पाठ आहेत. ‘अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?’ मी कशाला ठेवेन ह्यांचा चष्मा! ‘आज पेपर लवकर आला वाटतं.’ ‘आमटीत मीठ कमी आहे.’ पण मनातल्या मनात म्हणून बघितलं की ही वाक्यं माझ्याच आवाजात उमटायची. बोलणं ह्यांचं आणि आवाज माझा. असली कसली मेली आठवण!

लोकांना वाटतं, हल्ली त्यात काय अवघड, मोबाइलमध्ये माणूस असतोच की. माझ्याही मोबाइलमध्ये हे भरपूर आहेत. नातीच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवताना, बाल्कनीतल्या मोगऱ्याला पाणी घालताना, टीव्हीसमोर पेंगताना. सगळीकडे हसतायत आणि एकाही ठिकाणी बोलत नाहीत. कारण व्हिडिओवाला मोबाइल घरात आला तेव्हा ह्यांचा आवाज गेलेला होता. घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. गळ्याला पुढून भोक पाडलं, श्वास तिथून. जीव वाचला आणि पुढे बरीच वर्षं लाभला, त्याबद्दल मी देवाशी भांडत नाही. आवाजाबद्दल मात्र भांडते. तेवढा हक्क आहे मला.

आणि आवाजच तर होता हो ह्यांच्याकडे! चिंचवडच्या कारखान्यात नोकरी, कसबा पेठेत दोन खोल्या, आणि अंगकाठी अशी की शर्ट माणसाने घातलाय की खुंटीला टांगलाय कळू नये. पण तोंड उघडलं की रस्त्यातली माणसं वळून बघायची. त्या आवाजाच्या जोरावर हे रेडिओवर जायचे. नोकरी म्हणून नव्हे, हौस म्हणून. संध्याकाळी छोटी छोटी नाटुकली लागायची, त्यात ह्यांना बारीकसारीक कामं मिळायची. कधी बसचा कंडक्टर, कधी हवालदार, कधी पत्ता चुकलेला पाहुणा. चार वाक्यं बोलायची आणि निघून जायचं. त्या चार वाक्यांसाठी घरात आठवडाभर तालीम. मी आपली पोळ्या लाटतेय आणि हे मागून हवालदार होऊन मला दम देतायत!

कार्यक्रम लागला की शेजारपाजारचे आमच्या ट्रान्झिस्टरभोवती गोळा व्हायचे आणि हे मात्र चपला घालून खाली निघून जायचे. स्वतःचा आवाज ऐकायची ह्यांना लाज वाटायची. संपलं की वर येऊन विचारायचे, ‘काय, बरं झालं का?’ मी म्हणायचे, ‘ठीक होतं.’ आमच्या पुण्यात याहून जास्त कौतुक तोंडावर करत नाहीत.

आणि ते मिठाचं. जेवायला बसलं की पहिल्या घासाला ह्यांचं ठरलेलं वाक्य, ‘आमटीत मीठ कमी आहे.’ माझं ठरलेलं उत्तर, ‘वरून घ्या की.’ मीठ कमी असो वा नसो. एकदा मी इरेला पेटून चमचाभर जास्त घातलं. आमटी तोंडात धरवेना. हे शांतपणे भुरका मारून म्हणाले, ‘कमी आहे.’ मग दोघंही ठसका लागेपर्यंत हसलो. ऑपरेशननंतर नाकाने श्वास बंद झाला, म्हणून वास बंद, आणि वास गेला की चवीतही काही राहत नाही. मग समोर येईल ते हे मुकाट्याने जेवायचे. मुकाट्याने नाही तर काय करणार! मी पान वाढून उगीच तिथेच घुटमळायचे. वाटायचं, नाव ठेवा हो, एकदा तरी ठेवा.

कसब्यातले जिने चढवेनात म्हणून आम्ही वारज्याला आलो, लिफ्टच्या इमारतीत. इथे मला हाक मारायची झाली की हे स्टीलच्या भांड्यावर चमचा वाजवायचे. हळू वाजलं म्हणजे ‘अगं, जरा ये’, आणि टणाटणा वाजलं म्हणजे स्वारी रागावली. म्हणजे बघा, या घरात भांडं वाजलं, कुकरच्या शिट्ट्या वाजल्या, माझी टकळी तर अखंड वाजली. पण ह्यांचा आवाज या घराने कधी ऐकलेलाच नाही. या भिंतींना माहीतच नाही, इथे कोण राहून गेलं ते.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आलेली लेक बंगळुरूला परत गेली आणि त्याच आठवड्यात फोन आला. रेडिओच्या नाटुकल्यांतले ह्यांचे जुने जोडीदार. त्यांना आता ऐकू कमी येतं, त्यामुळे ते ओरडून बोलतात.

“वहिनी! शनिवारी संध्याकाळी साडेसहाला मीडियम वेव्ह लावा! जुन्या टेपा वाजवतायत! आपलं खाणावळीचं नाटुकलं आहे! तो त्यात मेंबर झालाय, आठवतंय का?”

मला नाटुकलं आठवत नव्हतं. फोन मात्र मी दोन्ही हातांनी धरला. मी विचारलं, त्या टेपची एक प्रत मिळेल का हो? ते म्हणाले, “मीही विचारलं. ‘बघतो’ म्हणाले.” ‘बघतो’ म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको. लेकीने मोबाइलवर शोधलं, तर तिथे त्या वेळेला भलतंच केंद्र लागायचं. म्हणजे जे काही येणार ते हवेतून येणार, आणि एकदाच येणार.

कपाटाच्या वरच्या कप्प्यातून ह्यांचा ट्रान्झिस्टर काढला. चामड्याच्या कव्हराला अजून ह्यांच्या बोटांचे काळे डाग आहेत. नवीन सेल घातले आणि तो फोटोखालच्या फळीवर, दिव्याला खेटून ठेवला. दुसरी जागा मनातही आली नाही. ह्यांचा रेडिओ, ह्यांच्याच पायाशी. मीडियम वेव्ह लावलं तर काय, घर्रर्र! सुई इकडे फिरवा, तिकडे फिरवा, कोणी कानाशी बसून पापड तळतंय तसा आवाज. त्या तळणाच्या पार खाली कुठेतरी एक बाई काहीतरी सांगत होत्या, पण काय ते देव जाणे.

दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून कसब्यात गेले. हे ज्या दुकानात दुरुस्तीला टाकायचे ते दुकान अजून आहे, फक्त आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकतात. दुकानदाराने ट्रान्झिस्टर हातात घेतला, बटण फिरवलं, आणि लख्ख गाणं सुरू झालं. घुंगुर वाजावा इतकं स्वच्छ. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

“रेडिओ ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “तुमचं घर बिघडलंय.”

“म्हणजे?”

“घरात एलईडी दिवे आहेत?”

“आहेत की. सगळेच एलईडी.”

“मग कसं ऐकू येणार? स्वस्तातल्या एलईडीच्या पोटात जे सर्किट असतं, ते अखंड करकरत असतं. आपल्याला ऐकू येत नाही, रेडिओला येतं. मीडियम वेव्हला तर फारच. दिवे बंद करा आणि ऐका.” एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलाही. जास्त एक शब्द नाही. आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं मला.

तिथून मंडईत गेले. तुळशीच्या लग्नाचं सामान घ्यायचं होतं, आवळे, चिंचा, बोरं. आवळे निवडता निवडता राहवेना म्हणून ट्रान्झिस्टर पिशवीतून काढून लावला. काय सांगू, त्या गलक्यात, हमरीतुमरीत, कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी तो खणखणीत वाजायला लागला. शेतकऱ्यांना काहीतरी सल्ला चालला होता. आवळेवाली म्हणाली, “मावशी, वाढवा की आवाज, आम्हालाबी ऐकू द्या.” मी वाढवला. वाढवला आणि डोळेच भरून आले. कांद्यावर ढकलायची सोय होती, ढकललं.

लेक फोनवर म्हणाली, “मग सोप्पं आहे ना आई. शनिवारी मंडईत जाऊन बस, नाही तर जवळच्या टेकडीवर जा. तिथे ऐक.”

“नाही,” मी म्हटलं.

“अगं, पण का?”

“घरात ऐकायचाय मला. या घरात.”

ती मग म्हणाली, “बरं. पण मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेव. आणि आधीपासून लाव, ऐन वेळी तुझी धांदल होते.” माझी धांदल होते म्हणे! कोणाची लेक आहे ते बोलण्यात दिसतं.

घरी आल्यावर मी कंबर कसली. हॉलमधली ट्यूब, स्वयंपाकघर, बाथरूम, देवघरातला बल्ब, फ्रिज, टीव्ही, टीव्हीखालचा डबा, पाण्याचा फिल्टर. घरातलं एकूण एक बटण बंद केलं. रेडिओ लावला. घर्रर्र, तसंच. म्हणजे दोष माझ्या घरात नाही! ट्रान्झिस्टर घेऊन बाल्कनीत गेले तर तिथेही कडकड चालूच. मान वर केली आणि उलगडा झाला. आख्खी इमारत दिव्यांच्या माळांनी मढलेली. दिवाळी संपली तरी आमच्याकडे तुळशीचं लग्न होईपर्यंत कोणी माळा उतरवत नाही. लाल, निळ्या, हिरव्या, पळणाऱ्या, लुकलुकणाऱ्या, नाही नाही त्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुमच्या या लुकलुकाटाखाली माझा माणूस गाडला जातोय की हो!

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. ‘शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते सात सर्वांनी कृपा करून एलईडी दिवे व माळा बंद ठेवाव्यात. महत्त्वाचे काम आहे.’ पहिलं उत्तर आलं, ‘मेणबत्त्या सोसायटीतर्फे मिळतील का?’ दुसरं, ‘काम कोणाचे व अंधार कोणाला?’ तिसऱ्याने नुसतं हात जोडल्याचं चित्र टाकलं. अध्यक्ष लिफ्टपाशी भेटले तेव्हा म्हणाले, “म्हणजे एका रेडिओसाठी सगळ्या इमारतीने ऐन सणात सुतक पाळायचं, असं म्हणणं आहे का आपलं?”

सुतक! मला तो शब्द असा झोंबला. मी म्हटलं, “सुतक मी पाळून झालंय. तुम्ही फक्त बटण पाळा.” आणि लिफ्ट न घेता जिन्याने वर आले, रागाच्या भरात. दारात पोचेपर्यंत छाती भात्यासारखी चालत होती.

दार समोरच्या ताईंनी उघडलं, म्हणजे त्यांचं त्यांनी. माझी धाप ऐकूनच. ताई माझ्याहून वयाने मोठ्या, एकट्या राहतात, देवाधर्माच्या पक्क्या. पाणी देऊन त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुमचं दुःख मला कळत नाही असं नाही. पण तिन्हीसांजेला घरात अंधार? लक्ष्मी यायच्या वेळेला? ते नाही व्हायचं माझ्याच्यानं. दुसरी कुठलीही वेळ सांगा.”

“वेळ मी नाही हो ठरवलेली!”

“ते खरं. पण नाही व्हायचं.”

त्यांच्याशी काय भांडणार? त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. दिवेलागणीला घरातला दिवा कोणी मालवतं का? ह्यांच्या फोटोसमोरचा तो ज्योतीचा दिवा बघा. हे गेल्यावर तेराव्याला लेकीने आणून लावला, समई रात्रंदिवस सांभाळणं तुला जमायचं नाही म्हणाली. तेव्हापासून तो तेवतो आहे. कामवालीला बजावून ठेवलंय, फळी पूस, फोटो पूस, त्या बटणाला हात लावायचा नाही. पाळायचं म्हणजे पाळायचं.

वरच्या मजल्यावर चार मुली भाड्याने राहतात. विदर्भातल्या, कंपनीत जाणाऱ्या. त्यांची खिडकी म्हणजे चांदण्यांचं दुकान. तिथे मला सगळं सांगावंच लागलं, ऑपरेशन, भांड्यावरचा चमचा, सगळं. त्यांच्यातली एक चटकन उठून माझ्याजवळ बसली. “काकू, तुम्ही टेन्शन नका घेऊ नं. आम्ही बंद करून देतो. आणि ग्रुपवर असं अर्धवट कशाला टाकलं तुम्ही? काकांचा आवाज आहे म्हणून टाकायचं नं! थांबा, मी लिहिते.” तिने काय लिहिलं ते मी वाचलं नाही. माझ्या घरची गोष्ट अशी चव्हाट्यावर, कसंसंच झालं. पण ग्रुपवर त्यानंतर एकही टोमणा आला नाही. पुण्यात ही शांतता ऐकण्यासारखी असते.

शनिवारी मला दुपारपासून काही सुचेना. उगीच ह्यांच्या आवडीची आमटी केली, चिंचगुळाची. खायला कोण, मी एकटी. संध्याकाळी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून फळीच्या टोकाला ठेवला, ट्रान्झिस्टर दिव्याशेजारी सरळ केला, आणि एकेक करत सगळी बटणं बंद केली. बाहेर बघितलं आणि गलबलून आलं. माळा विझल्या होत्या. वरच्या मुलींची खिडकी काळी. खालच्या मजल्यावर जुन्या गंज पेठेतून आलेलं मुसलमान कुटुंब आहे, त्यांनी तर जिन्यातला दिवासुद्धा काढून ठेवला होता. अध्यक्षांच्या बाल्कनीतला आकाशकंदीलही बंद. माणूस तोंडाने फाटका, पण बटण पाळलंन. आणि घराघरांतून दिवाळीच्या उरलेल्या पणत्या लावलेल्या.

साडेसहा वाजले. रेडिओ लावला.

घर्रर्र.

आधीपेक्षा थोडी कमी, पण तीच. निवेदिका काहीतरी सांगायला लागली आणि तळणात बुडाली. मी सुई हलवली, एरियल ओढली, ट्रान्झिस्टरला थापट मारली. काही नाही. माझा तोल सुटला. दार उघडून मी जिन्यात ओरडले, “कोणाचा दिवा चालू आहे? अहो, कोणाचा चालू राहिलाय? बंद करा हो! सुरू झालंय!”

वरून मुलगी ओरडली, “काकू, आमचे सगळे बंद आहेत!” खालून भाभी म्हणाल्या, “हमारा भी बंद है, मावशी!” समोरचं दार उघडलं. ताई हातात पेटतं निरांजन घेऊन बाहेर आल्या. त्यांचंही घर अंधारं होतं. विजेचे दिवे त्यांनीही मालवले होते, लक्ष्मीसाठी तूपवात लावली होती.

त्या माझ्यामागून आत आल्या. रेडिओ तसाच करकरत होता. मधूनच कोणीतरी हसल्यासारखं वाटायचं, कोणीतरी ताट आपटल्यासारखं. नाटुकलं सुरू झालं होतं. मी कपाळ धरून खाली बसले. “कोणाचा तरी आहे हो ताई. कोणाचा तरी चालू आहे.”

ताईंनी एकदा खोलीभर बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “तुमचाच आहे.”

मी वर बघितलं. काळोख्या भिंतीवर ह्यांचा चेहरा नीट दिसत होता. दिसणारच. त्या ज्योतीच्या दिव्याचा उजेड होता ना त्यावर. आणि दिव्याला खेटून रेडिओ.

इतके दिवस मी घरातली बटणं धुंडाळली, फ्रिजसुद्धा सोडला नाही, आणि हा दिवा माझ्या हिशेबात आलाच नव्हता. तो मला विजेचा वाटतच नव्हता. मेन स्विच पाडला असता तर तोही विझला असता, म्हणूनच ते मला सुचलं नसेल.

“तो नाही बंद करायचा,” मी म्हटलं.

“मग ऐकू येणार नाही.”

“नाही येऊ दे! तो नाही विझवायचा ताई. ह्यांचा आहे तो. तेराव्यापासून एकदाही नाही विझवलाय. मी तो विझवला तर मग...” विझवला तर मग काय होईल, ते माझं मलाही माहीत नव्हतं. हे पुन्हा जातील, असंच काहीतरी वेड्यासारखं वाटत होतं. ताटाचा आवाज पुन्हा आला. पुन्हा हशा. माझ्या डोळ्यांदेखत ते चाललं होतं, ज्याच्यासाठी मी जगाशी भांडले ते, आणि मला हात उचलवत नव्हता.

ताई पुढे झाल्या आणि हातातलं निरांजन त्यांनी फळीवर ठेवलं, फोटोच्या बरोब्बर समोर. त्यांच्या लक्ष्मीसाठी लावलेलं. मग म्हणाल्या, “आता अंधार नाही ना होत?”

मी उठले. बटण दाबलं.

एकदम शांत झालं. असं शांत, की ट्रान्झिस्टरमधल्या खाणावळीत कोणीतरी पाट सरकवला तेही ऐकू आलं. वातीच्या उजेडात ह्यांचा चेहरा हलल्यासारखा दिसत होता. एका बाईने, खाणावळवाल्या असाव्यात, विचारलं, “काय मेंबर, झालं का वाढून?”

एक भुरका. थोडं थांबणं. आणि मग,

“आमटीत मीठ कमी आहे.”

हाच! अगंबाई, हाच की! जरासा नाकातून निघणारा, शेवटचा शब्द खाली ठेवून देणारा. मी विसरलेच नव्हते हो, इथेच कुठेतरी होता, फक्त सापडत नव्हता. आणि मला न विचारता माझ्या तोंडून निघून गेलं,

“वरून घ्या की.”

मोठ्याने. जसं कसब्यात स्वयंपाकघरातून ओरडायचे तसं. ताईंनी माझा हात धरला. पुढे खाणावळीत बराच गोंधळ झाला, कोणीतरी कोणाचं तरी ताट पळवलं, हे अजून दोनदा काहीतरी बोलले. मी रडत होते आणि ऐकत होते, आणि हे घर ऐकत होतं. संपल्यावर निवेदिकेने नावं वाचली. ह्यांचं नाव शेवटून दुसरं. ताई डोळे पुसत म्हणाल्या, “छान होतं.” मी म्हटलं, “ठीक होतं.”

मग रेडिओ बंद केला आणि जिन्यात जाऊन सांगितलं, झालं हो, लावा आता. एकेक करून सगळ्या माळा पुन्हा लागल्या. फळीवरचा दिवा मी त्या संध्याकाळी लावला नाही. निरांजन होतं तोवर राहू दिलं, मग मीही झोपले. सकाळी उठून ‘उठले बरं का’ म्हटलं आणि त्यानंतर बटण दाबलं.

मोबाइलमधलं रेकॉर्डिंग मी रोज ऐकते. आधी भली मोठी खरखर, त्यात मी जिन्यात केकाटतेय, मग ताई, मग बटणाचा टक् आवाज, आणि मग हे. आणि ह्यांच्या पाठोपाठ मी. मी इतकी जोरात बोललेय की त्यावर खाणावळवाल्या बाई काय म्हणाल्या ते माझ्याखाली झाकून गेलंय. आयुष्यभर दोघंही एवढं बोललो, पण दोघांचा आवाज एकत्र असलेलं माझ्याकडे एवढंच आहे.

लेकीला पाठवलं. ती रडली, भरपूर रडली. मग नाक ओढत म्हणाली, “आई, माझ्या ऑफिसमध्ये एक जण आहे. तो ही सगळी खरखर साफ करून देईल. मधेच तू बोलली आहेस ना, तेही काढून टाकता येतं. मग नुसता बाबांचा आवाज राहील.”

म्हटलं, “हात तर लावून बघ.”